परदेशातल्या मोहिमांत आपली तिन्ही दलं खरंच एकत्र लढतात का? कॅक्टस आणि पवनबद्दल विचारायचंय

नकाशावेडी:
नमस्कार मंडळी. गेले दोन आठवडे मी १९८७-८८ बद्दल वाचत बसलेय आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यात बसत नाहीये, इथे माजी सैनिक बरेच आहेत म्हणून इथेच विचारते.

नोव्हेंबर १९८८ चं ऑपरेशन कॅक्टस घ्या. ३ तारखेला मालदीवचे अध्यक्ष गयूम यांचा मदतीचा निरोप आला, त्याच रात्री आग्र्याहून निघालेली एअर फोर्सची आयएल-७६ विमानं पॅराट्रूपर्सना घेऊन राजधानी मालेशेजारच्या हुलहुले बेटावरच्या धावपट्टीवर उतरली. जवळजवळ अडीच हजार किलोमीटर, मध्ये कुठे थांबणं नाही. पॅरावाले बोटींनी मालेला गेले, अध्यक्षांना सुरक्षित काढलं, आणि भाडोत्री बंडखोर ओलीस घेऊन प्रोग्रेस लाइट नावाच्या जहाजातून पळाले तर नेव्हीने त्यांना श्रीलंकेच्या बाजूला समुद्रात गाठलं, आयएनएस गोदावरी आणि आयएनएस बेतवाने. तीन दलं, तीन-चार दिवस, काम फत्ते.

आता त्याच्या फक्त एक वर्ष आधीचं बघा. ऑक्टोबर १९८७, ऑपरेशन पवन, म्हणजे श्रीलंकेत एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांविरुद्ध आपल्या शांतिसेनेची मोहीम, जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरायचा प्लॅन, आणि तिथे उतरलेल्या १३ सिख लाइट इन्फंट्रीच्या ३० जणांपैकी २९ जण गेले आणि एक पकडला गेला. हे वाचून मी त्या दिवशी पुढे काही वाचूच शकले नाही.

तर देश तोच, दलं तीच, सरकार पण तेच. मग वर्षभरात असं काय बदललं? की काही बदललंच नव्हतं आणि कॅक्टसला नशीब चांगलं होतं? आणि तिन्ही दलांचं एकमेकांशी पटतं की नाही हे नेमकं कशावरून ठरतं, कोणी नीट समजावून सांगेल का?

जुना_सिग्नलवाला:
ताई, प्रश्न अगदी बरोबर जागी विचारलात. मी आर्मी सिग्नल्समधून निवृत्त झालो, पवनच्या वेळी मी नव्हतो, भरती नंतरची, पण ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सगळे तिकडून आलेले, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फक्त वाचनाचा नाही.

आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. पटतं का नाही हा मुद्दाच नाही. माणसं एकमेकांसाठी जीव टाकतात, जाफन्याला त्या रात्री एमआय-८ चे पायलट गोळ्या खात पुन्हा पुन्हा त्याच मैदानात उतरायला गेले, ते काय पटत नव्हतं म्हणून? हेलिकॉप्टरांची इतकी चाळण झाली की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या, आणि त्यामुळे खाली जे उतरले होते ते मोजकेच राहिले. तिथे एकट्या कोऑर्डिनेशनचा दोष नव्हता हेही सांगून ठेवतो. एलटीटीई आपला वायरलेस ऐकत होती, आपण कुठे उतरणार ते त्यांना आधीच कळलं होतं, आणि आपली स्वतःची माहिती कच्ची होती.

पण तुम्ही विचारताय ती गोष्ट वेगळी, ती अशी की हुकूम कोणाचा. पवनसाठी एक पद होतं, ओव्हरऑल फोर्स कमांडर, सदर्न कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग. नावात ओव्हरऑल आहे, म्हणजे तिन्ही दलं त्यांच्या हाताखाली असं वाचणाऱ्याला वाटणार. प्रत्यक्षात नेव्हीचं काम विशाखापट्टणमच्या ईस्टर्न नेव्हल कमांडकडून चालायचं, एअर फोर्सचं तिरुवनंतपुरमच्या सदर्न एअर कमांडकडून, आणि जनरल साहेबांकडे या दोघांचे लायझनवाले बसायचे. लायझनवाला म्हणजे काय, तर तुमचं म्हणणं आपल्या साहेबांपर्यंत पोचवणारा माणूस. तो हो म्हणू शकत नाही, नाही पण म्हणू शकत नाही, तो म्हणतो विचारून सांगतो. शांततेत विचारून सांगतो हे चालतं हो, पण रात्री दोन वाजता एखादी कंपनी वेढ्यात सापडलीय तेव्हा तेच तीन शब्द फार महाग पडतात.

आता कॅक्टस. माझं मत स्पष्ट आहे, कॅक्टसमध्ये तिन्ही दलं एकत्र लढलीच नाहीत, ती एकामागून एक लढली. रिलेची शर्यत असते ना, तसं. एअर फोर्सने पॅराला धावपट्टीवर सोडलं, तिथे त्यांचं मुख्य काम संपलं. ५० पॅरा ब्रिगेडने माले ताब्यात घेतलं. जहाज पळालं तिथून पुढे नेव्हीचं. प्रत्येकाला स्वतःचं मैदान, बॅटन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात एकदाच जातंय. आणि नशीब पण होतंच, कारण बंडखोरांनी हुलहुलेचा विमानतळ ताब्यात घेतलेला नव्हता. घेतला असता तर विमानं उतरवायची कुठे, सांगा.

जाफन्याला उलटं होतं. एकाच मिनिटाला, एकाच मैदानावर, हेलिकॉप्टर एका दलाचं, त्यातला जवान दुसऱ्या दलाचा. तिथे बॅटन नाही, तिथे दोघांनी एकच काठी धरून धावायचं असतं. ते सरावाशिवाय जमत नाही आणि सराव करायला वेळच मिळाला नव्हता, आयपीकेएफ गेली होती शांतिसेना म्हणून, भारत-श्रीलंका करार जुलैच्या २९ ला आणि लढाई ऑक्टोबरात.

खडकवासला_फॅन:
सिग्नलवाले काका, पूर्ण आदर ठेवून सांगतो, एक गोष्ट राहिली. आपल्याकडे एनडीए आहे, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिन्ही दलांची पोरं तीन वर्षं एकाच स्क्वाड्रनमध्ये राहतात, एकत्र रगडा खातात, एकत्र शिक्षा भोगतात. अमेरिकेत आर्मीचं वेस्ट पॉइंट वेगळं, नेव्हीचं ॲनापोलिस वेगळं. माझ्या मामाचं तर म्हणणं की कागदावर जे काम महिनाभर अडतं ते कोर्समेटला एक फोन केला की दहा मिनिटांत होतं. मग आपलं कोऑर्डिनेशन त्यांच्यापेक्षा वाईट कसं असेल?

जुना_सिग्नलवाला:
मामा खरं बोलतात, मी स्वतः असे फोन लावलेत आणि अशा फोनवर कामं झालेली बघितलीत. पण दादा विचार करा, फोनवर काम होतंय याचा अर्थ काय? सरळ रस्ता बंद आहे म्हणून गल्लीतून जातोय. आणि कोर्समेट त्या खुर्चीवर असेल तरच. तो बदलून गेला, किंवा सुट्टीवर असला तर? शिवाय कोर्समेट मदत करेल, पण स्वतःच्या साहेबाने नाही म्हटल्यावर हेलिकॉप्टर कसं पाठवेल, त्याचा एसीआर, म्हणजे बढती ठरवणारा वार्षिक गोपनीय अहवाल, तर तोच साहेब लिहिणार आहे.

वाळवंटी_वादळ:
एसीआरचा विषय काढलात म्हणून लिहितोय, कारण अमेरिकेने नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं आणि त्याच्या आधी दोनदा चांगलेच पोळले होते.

पहिलं १९८० चं इराण, ऑपरेशन ईगल क्लॉ, तेहरानमधले ओलीस सोडवायला. एप्रिलच्या २४-२५ तारखेची रात्र. हेलिकॉप्टर नेव्हीची, उडवणारे बहुतेक मरीन्स, वाहतुकीची विमानं एअर फोर्सची, आत जाणारे कमांडो आर्मीचे. निमिट्झ जहाजावरून ८ हेलिकॉप्टर निघाली, पुढे जायला किमान ६ हवी होती, धुळीचं वादळ आणि बिघाड होऊन कामाची ५ च उरली म्हणून मोहीम रद्द केली, आणि परत निघताना एक हेलिकॉप्टर तिथेच उभ्या असलेल्या विमानावर आदळलं. ८ जण गेले, शत्रूची एक गोळी न लागता. नंतर चौकशीत जे निघालं त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे ही सगळी मंडळी मिळून एकदासुद्धा पूर्ण रंगीत तालीम झालेली नव्हती. प्रत्येकाने आपापला तुकडा आपापल्या जागी घोटला होता, गुप्तता राहावी म्हणून.

दुसरं ग्रेनाडा, ऑक्टोबर १९८३. एवढंसं बेट, समोर मोठं सैन्य नाही, तरी बेटाचे दोन भाग केले, वरचा मरीन्सला आणि खालचा आर्मीला. मध्येच आर्मीच्या रेंजर्सना मरीन्सच्या हेलिकॉप्टरमधून न्यायची वेळ आली तर मरीन्सचा कर्नल आधी नाहीच म्हणाला, वरून खडसावल्यावर तयार झाला. रेडिओ एकमेकांना लागत नव्हते, आर्मीवाले डोळ्यासमोर उभ्या असलेल्या जहाजाशी सरळ बोलू शकत नव्हते. काही तुकड्यांकडे धड नकाशे नव्हते, पर्यटकांच्या नकाशांवर काम चाललं. आणि नेव्हीच्या विमानांनी चुकून आपल्याच आर्मीच्या ८२ एअरबोर्न डिव्हिजनच्या ब्रिगेड मुख्यालयावर हल्ला केला, १७ जण जखमी, त्यातला एक नंतर गेला.

मग १९८६ ला गोल्डवॉटर-निकोल्स कायदा आला. त्यात बरंच काही आहे, पण मला दोनच गोष्टी मोठ्या वाटतात. एक, लढाईचा हुकूम प्रादेशिक कमांडरचा, त्या भागात जे कोणी असेल त्या सगळ्यांवर, आणि दलांच्या प्रमुखांनी फक्त माणसं तयार करून द्यायची. दुसरी, ज्याला जनरल किंवा ॲडमिरल व्हायचंय त्याने आधी दुसऱ्या दलांबरोबरच्या संयुक्त पोस्टिंगवर काम केलेलं पाहिजे. ही दुसरी गोष्ट तिथल्या दलांना फार झोंबली होती, पण असर तिचाच झाला असं मला ठाम वाटतं. आधी अशा पोस्टिंगवर पाठवलं की माणसाला वाटायचं आपल्याला बाजूला टाकलं, आणि कायद्यानंतर तीच पोस्टिंग मिळावी म्हणून हुशार अधिकारी धडपडायला लागले.

नकाशावेडी:
रिले आणि एकच काठी हे मला पहिल्यांदा कोणीतरी समजेल असं सांगितलं काका, मनापासून आभार. वादळ, रेडिओ लागत नव्हते म्हणजे नक्की काय? १९८३ ला एवढ्या श्रीमंत सैन्याला एकमेकांशी बोलता येऊ नये हे पटतच नाही. विकत घेताना कोणी विचार करत नाही का?

जुना_सिग्नलवाला:
हे उत्तर माझं, कारण आयुष्य यातच गेलं. प्रत्येक दल स्वतःच्या कामासाठी सेट घेतं आणि त्या कामासाठी तो सेट उत्तमच असतो. जमिनीवरच्या पलटणीचे सेट साधारण व्हीएचएफ एफएमवर, विमानांचा आवाज एएमवर, त्यातही वरच्या बँडला. म्हणजे दोघांचे सेट चालू, दोघांच्या बॅटऱ्या फुल, दोघं एकमेकांच्या डोळ्यासमोर, तरी बोलणं शून्य. वर कोडच्या चाव्या वेगळ्या. मी एका संयुक्त सरावात हे स्वतः भोगलंय, शेवटी एअर फोर्सचा एक पोरगा त्याचा सेट घेऊन माझ्या शेजारी खड्ड्यात येऊन बसला, मी त्याला तोंडी सांगायचो आणि तो पायलटला सांगायचा. तो पोरगा त्या दिवशी आजारी पडला असता तर आमचा संपर्क संपला.

आणि फक्त रेडिओ नाही. आर्मी ग्रिड रेफरन्समध्ये, म्हणजे नकाशावरच्या चौकटींच्या आकड्यांत बोलते, नेव्ही अक्षांश-रेखांशात आणि सागरी मैलात. तुम्ही नकाशावाल्या आहात, तुम्हाला कळेल, एकच झाड दोन भाषांत सांगताना एका आकड्याची चूक झाली की तोफेचा गोळा किती लांब पडतो. आर्मीचा अधिकारी जहाजाच्या तोफांचा मारा मागतो तेव्हा तो ज्या शब्दांत मागतो ते शब्द जहाजावरच्या माणसाने आधी शेकडो वेळा ऐकलेले असावे लागतात.

बेटावरचा_दिवा:
फॉकलंड १९८२, ब्रिटन आणि अर्जेंटिनाचं बेटांवरून झालेलं युद्ध, कोणी काढलंच नाही अजून. लोक ते ब्रिटनच्या एकजुटीचं उदाहरण म्हणून देतात, आणि खरंही आहे बऱ्याच अंशी, घरापासून जवळजवळ १३ हजार किलोमीटरवर जाऊन लढले. पण आतून बघितलं तर तिथेही हीच दुखणी. वरचा कमांडर लंडनजवळ नॉर्थवूडला बसलेला, आणि प्रत्यक्ष तिथे विमानवाहू जहाजांचा ॲडमिरल वेगळा, सैन्य उतरवणाऱ्या जहाजांचा प्रमुख वेगळा, जमिनीवरचा ब्रिगेडियर वेगळा. तिघांवर तिथे हजर असलेला एकच साहेब नाही. ॲटलांटिक कन्व्हेयर जहाज २५ मे ला एक्झोसेट क्षेपणास्त्राने गेलं, त्यात चिनूक हेलिकॉप्टरं गेली, एकच वाचलं कारण ते तेव्हा हवेत होतं, आणि मग सैन्याला बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाठीवर ओझं घेऊन चालत जावं लागलं.

पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते सर गॅलाहॅड. ८ जून, फिट्झरॉयजवळ, जहाज दिवसाढवळ्या उघड्यावर उभं, आत वेल्श गार्ड्सचे जवान. रॉयल मरीन्सचा एक मेजर त्यांना परोपरीने सांगत होता की बाबांनो ताबडतोब उतरा, पण गार्ड्सच्या अधिकाऱ्यांना दुसऱ्या ठिकाणी उतरायचे आदेश होते, आणि हा मेजर काही त्यांचा साहेब नव्हता. तास गेले. मग अर्जेंटिनाची विमानं आली. ४८ माणसं गेली, त्यातले ३२ वेल्श गार्ड्स. चुकलं कोण यावर अजून भांडतात लोक. माझ्या मते त्या ठिकाणी "मी सांगतो, उतरा" असं म्हणायचा अधिकार असलेला एकही माणूस नव्हता, आणि तो तिथे का नव्हता हे आधी विचारायला पाहिजे.

आणि हरलेली बाजू बघा. अर्जेंटिनात तिन्ही दलांचे प्रमुख मिळून देश चालवत होते, म्हणजे वरून बघितलं तर यापेक्षा जास्त एकत्र काय असणार! पण त्यांची जनरल बेल्ग्रानो ही युद्धनौका बुडाल्यावर बाकीची जहाजं किनाऱ्याजवळ परत गेली ती पुन्हा बाहेर आली नाहीत, हवाई दल जहाजांवर हल्ल्याचा फारसा सराव नसताना जीव धोक्यात घालून लढत राहिलं, त्यांचे कितीतरी बॉम्ब जहाजाला लागूनसुद्धा फुटले नाहीत कारण फेकले फार खालून, आणि बेटावरचं पायदळ वाट बघत बसलं. युद्धानंतर त्यांच्याच रॅटनबाख आयोगाने तिन्ही दलांच्या या वेगवेगळ्या चुलींवर फार कडक लिहिलंय.

निळा_गणवेश:
इथे बहुतेक सगळे आर्मीच्या बाजूने बोलतायत म्हणून एअर फोर्सची बाजू मांडतो, घरात दोन पिढ्या त्याच दलात आहेत. एकच साहेब, एकच हुकूम हे ऐकायला छान वाटतं, पण तो साहेब बहुतेक वेळा पायदळातून येतो आणि त्याला विमान म्हणजे लांब पल्ल्याची तोफ वाटते. आपल्याकडे लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, ४२ आणि हातात त्याहून बऱ्याच कमी. त्या प्रत्येक थिएटरला, म्हणजे एका साहेबाखालच्या लढाईच्या प्रदेशाला, कायमच्या वाटून दिल्या तर एका ठिकाणी विमानं बसून राहणार आणि दुसरीकडे कमी पडणार. विमान सकाळी इकडे आणि संध्याकाळी दीड हजार किलोमीटरवर तिकडे वापरता येतं, हीच तर त्याची ताकद आहे. म्हणून एअर फोर्स विरोध करते तेव्हा त्याला खुर्चीचा हट्ट म्हणू नका, ही खरी अडचण आहे.

आणि थिएटर कमांड नसतानाही काम होतं, त्याचं ताजं उदाहरण मार्च २०२४ चं. सोमाली चाच्यांनी पळवलेलं एमव्ही रुएन, आपल्या किनाऱ्यापासून जवळजवळ २६०० किलोमीटरवर. आयएनएस कोलकाता त्याला अडवून उभी, आणि एअर फोर्सच्या सी-१७ ने नेव्हीचे मार्कोस कमांडो त्यांच्या दोन बोटींसकट समुद्रात सोडले. बोट आणि माणसं, दोन्ही पॅराशूटने, उघड्या समुद्रात. ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. काका, तुमच्या भाषेत ही एकच काठी झाली ना?

त्याच्या आधी २०२३ ला सुदानमध्ये सी-१३०जे विमान रात्री वादी सैदनाच्या खराब धावपट्टीवर, जिथे दिवेसुद्धा नव्हते, नाइट व्हिजनवर उतरवून १२१ लोकांना काढलं, आणि बाकीच्यांना पोर्ट सुदानहून नेव्हीच्या जहाजांनी.

जुना_सिग्नलवाला:
रुएन ही एकच काठी आहे, मान्य, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला. सुदान मात्र मी रिलेतच धरेन, विमानवाले एका जागी, जहाजवाले दुसऱ्या. स्क्वाड्रनचा मुद्दा पण खरा आहे, विमानं कायमची वाटून टाका असं मी म्हणणार नाही. पण निळा दादा, रुएनला सगळं मिळून चाळीसेक तास होते, जहाज एकच, समोर चाचे, आणि आपण निवांत उभे राहून योग्य वेळ निवडू शकत होतो. पवन जवळजवळ पावणेतीन वर्षं चाललं आणि अकराशेच्या वर माणसं गेली. छोट्या कामात चांगली माणसं यंत्रणेची उणीव भरून काढतात, मोठ्या कामात माणसं थकतात, बदलतात, जखमी होतात, मग मागे फक्त यंत्रणाच उरते. पवनमध्येसुद्धा एकेक दल एकट्याने करत होतं तेव्हा उत्तमच केलं, नेव्हीचे कमांडो जाफन्यातल्या गुरुनगरच्या जेटीपर्यंत रात्री पोहत जाऊन ती उडवून आले ते याच ऑक्टोबर १९८७ मध्ये.

नकाशावेडी:
म्हणजे २०२० ला सीडीएस, तिन्ही दलांचा मेळ घालणारे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, आले तरी प्रश्न सुटला नाही असं म्हणायचंय का काका?

जुना_सिग्नलवाला:
सुरुवात झाली ताई, आणि माझ्या दृष्टीने खरी सुरुवात सीडीएसपेक्षा एका छोट्या कायद्याने झाली जो फार कोणी वाचला नाही, २०२३ चा आंतर-सेवा संघटनांबद्दलचा, मे २०२४ पासून लागू. आधी काय होतं सांगतो. मी एका संयुक्त ठिकाणी होतो, दुसऱ्या दलातल्या एका जवानाची गंभीर चूक झाली. आमचे साहेब त्या जागेचे प्रमुख, सगळ्यांना रोज हुकूम देणारे, पण त्याच्यावर कारवाई करायचा अधिकार त्यांना नाही, कारण तिन्ही दलांचे कायदे वेगळे. कागद त्याच्या दलाकडे गेले, मग तो स्वतः गेला, आमच्यातलाच दुसरा जवान तशाच चुकीसाठी इथे शिक्षा भोगत होता आणि याचं काय झालं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बाकीची पोरं हे सगळं बघत असतात हो. त्या दिवसानंतर साहेबांच्या हुकमाला दुसऱ्या दलाची पोरं सॅल्यूट ठोकायची, पण नजर स्वतःच्या दलाच्या सीनियरकडे जायची.

आता तशा जागेच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचा अधिकार मिळालाय, ज्याचा त्याचा कायदा न बदलता. पुढच्या वेळी परदेशात एखादी फोर्स गेली की मी पेपरात पहिलं हेच बघणार, तिच्या कमांडरला हा अधिकार दिलाय की पुन्हा शेजारी लायझनवाले बसवलेत.